चुलतआजोबा कामात आहेत

तली हायुंगचा दिवा अखेर लागला. देवळात टाळ्या पडल्या, फान चिन-मू यांनी होणाऱ्या जावयाच्या पाठीत अशी थाप घातली की तो दोन पावलं पुढे जाऊन उदबत्त्यांच्या घंगाळाला धरून उभा राहिला, आणि लग्न ठरलं.

हे विसरून जा. असं काही झालेलं नाही. जूदोंगच्या देवळात दिवा बंद आहे, टाळ्या कोणी वाजवलेल्या नाहीत, आणि फान चिन-मू तली हायुंगकडे भिंतीला नव्यानं आलेल्या ओलीकडे बघावं तसे बघतायत. आपण इथून सुरुवात करू.

दिवा म्हणजे नावाचा दिवा. देवळाच्या डाव्या अंगाला माणसापेक्षा उंच मनोरा आहे आणि त्याला खालपासून वरपर्यंत बोटाएवढ्या खिडक्या आहेत. नव्या वर्षात ज्यानं त्यानं आपलं नाव द्यायचं. ते एका खिडकीत उजळतं आणि वर्षभर चुलतआजोबांच्या नजरेसमोर राहतं. चुलतआजोबा म्हणजे देव. भूमीचा देव, पांढऱ्या दाढीचा. तैवानात इतरांचं त्याच्याशी बोलणं जरा अदबीचं असतं, पण हक्का माणसं त्याला चुलतआजोबाच म्हणतात आणि वागवतातही तसंच. सणावाराला चांगलंचुंगलं खायला घालायचं आणि एरवी आपल्या अडचणी सांगून भंडावून सोडायचं.

हा मनोरा नवा होता. देवळाच्या समितीनं तो ज्या कंपनीकडून करून घेतला तिथं माणसं चार, त्यातला एक मालक आणि एक मालकाची आई. उरलेल्या दोघांपैकी एक फान रू-इंग, म्हणजे समितीच्या अध्यक्षांची, चिन-मूंचीच मुलगी. मनोऱ्याच्या पोटातलं सगळं तिनं केलं होतं. वीज गेली तरी नावं जाऊ नयेत म्हणून ती फ्लॅश चिपमध्ये लिहून ठेवायची, लिहिलं की परत वाचून बघायचं, आणि नाव अर्धवट निघालं तर खिडकी बंद करायची. अर्धवट नाव देवापुढे ठेवणं बरं दिसत नाही, हा नियमही तिचाच.

नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी ती तलीला घेऊन देवळात आली. तली डोंगरातला, ज्येनशीकडचा, अतायल आदिवासी. जमीन मोजणीच्या सरकारी कचेरीत नोकरी. फानांच्या आणि तलीच्या पणजोबांनी एकमेकांना पाहिलं होतं ते बंदुकीच्या टप्प्यावरून, त्यामुळे दोन्ही घरांची ओळख तशी जुनी.

देवळाच्या कारकून चुंग मावशींनी नाव टाइप केलं. त्या एकाच बोटानं टाइप करतात, पण त्या बोटाला धाप लागत नाही. खिडकी उजळली. तली हायुंग. रू-इंगनं फोटोसाठी फोन वर केला आणि खिडकी विझली.

"परत टाका," चिन-मू म्हणाले.

परत टाकलं. उजळली, विझली.

"बोट नीट पडलं नसेल."

"अध्यक्ष, या बोटानं मी तुमच्या सगळ्या खानदानाची नावं टाकलीत," चुंग मावशी म्हणाल्या. "एकही मेलं नाही."

तिसऱ्यांदाही तेच झालं. मग चिन-मूंनी कौलाचे चंद्रकोरी लाकडी तुकडे उचलले, मनातल्या मनात काहीतरी पुटपुटले आणि फरशीवर टाकले. दोन्ही पालथे. म्हणजे नाही. झटक्यात उचलून पुन्हा टाकले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दोन्ही उताणे पडून डुलत राहिले. त्याचा अर्थ देव हसतोय.

"बघ," चिन-मू म्हणाले.

"बाबा, मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल."

"मशीन तू केलंस. तूच म्हणालीस ते चुकत नाही. माझं, तुझ्या आईचं, मासळीवाल्याचं नाव लागलं. त्या मासळीवाल्याच्या तराजूचा खोटा काटा सबंध गावाला माहीत आहे, तरी त्याचं लागलं." मग ते तलीकडे वळले. त्याला ते नावानं कधी हाक मारत नसत. "मोजणीसाहेब, तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही रोज जमिनी मोजता, आणि जमिनीचा देवच तुम्हाला ओळख दाखवत नाही. मी काय करू?"

तली प्रेस्बिटेरियन होता, दर रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा. तो म्हणाला, "मला वाईट नाही वाटलं, काका. आमची अजून ओळखच झालेली नाही."

चिन-मूंनी मनोऱ्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि निकाल दिला. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी चुलतआजोबांचा वाढदिवस. त्या दिवशी सगळ्या गावासमोर नाव शेवटचं टाकायचं. दिवा राहिला आणि कौल मिळाला, तर ते स्वतः लग्नाच्या केकचे डबे घरोघर वाटतील. नाही राहिला, तर मोजणीसाहेबांनी दुसरीकडची जमीन मोजावी.

एवढं बोलून ते समोरच्या दुकानात गेले आणि कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट घेऊन आले.

या पाकिटाबद्दल हसण्यासारखं काही नाही. मक्याचे कुरकुरे, नारळाची चव, आणि पाकिटावरच्या नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. ते मशीनपाशी ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवंच हवं, पिवळं चालत नाही. मुदत संपलेली नको. आणि खायचं नाही. इस्पितळं, बँका, चिपचे कारखाने, सगळीकडे ठेवतात. रू-इंगच्या टेबलावरही एक होतं आणि त्याची मुदत ती वेळच्या वेळी बघत असे. त्यामुळे बाबा पाकीट घेऊन मनोऱ्यामागे गेले, तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कंपनीत तिनं मनोऱ्यातल्यासारखाच दुसरा संच काढून टेबलावर मांडला, नाव टाकलं. दिवा लागला. राहिला. जेवून आली तरी राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं कुलूप काढलं, तर अंधारात तली हायुंग तेवढा लखलखत होता. तिला रडू आलं आणि रागही आला, कारण बिघडलेलं मशीन दुरुस्त करता येतं, पण टेबलावर चालणारं आणि देवळात न चालणारं मशीन दुरुस्त कसं करायचं ते कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत.

"आपल्याकडे देवाची गॅरंटी नसते," मालक म्हणाला. मालकाची आई म्हणाली, "मुलगा बदलून बघ."

देवळात जाऊन तिनं नाव टाकलं. विझलं. तारा बदलल्या. विझलं. आणि दर वेळी चिन-मू समोरच्या दुकानात जायचे.

देवळासमोर शेवयांचंही एक दुकान आहे. तिथं एकदा चुंग मावशींनी आपला वाडगा उचलून रू-इंग आणि तलीच्या टेबलावर आणला. "हे बघा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, म्हणजे फक्त शेजारच्या चार टेबलांना ऐकू गेलं, "याला शाळेत तीन अक्षरी चिनी नाव असेलच ना? तेवढं सांगा. मी टाकते. अध्यक्षांना चष्म्याशिवाय काय दिसतंय? दिवा लागल्याशी मतलब."

गोष्ट खरी होती. सगळ्या मनोऱ्यात नावं तीन अक्षरांची, क्वचित दोन-चारांची. रू-इंगनं एका नावाला चार अक्षरांची जागा ठेवली होती आणि तेव्हा आपण फार सढळ हातानं वागलो असं तिला वाटलं होतं. तलीचं नाव चिनी अक्षरांत लिहिलं की दोन अक्षरं, मध्ये एक टिंब, पुन्हा दोन अक्षरं. टिंबही चिपच्या हिशेबात अक्षरच, म्हणजे एकूण पाच, आणि शेवटचं अक्षर चिपच्या आतल्या पुढच्या पानावर जायचं. म्हणजे चिपला त्याच्यासाठी दोनदा लिहावं लागायचं.

"होतं ना," तली म्हणाला. "सरकारी माणसानं आमच्या आजोबांना एक आडनाव दिलं आणि त्यांच्या सख्ख्या भावाला दुसरं. त्या भावाच्या वेळी टेबलावर वेगळा साहेब बसला होता. मी कितीतरी वर्षं त्या तीन अक्षरांत राहिलो. नाव वाईट नव्हतं, मावशी. त्यात वडील मावत नव्हते, एवढंच."

हायुंग हे त्याच्या वडिलांचं नाव. चुंग मावशी थोडा वेळ शेवया ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चुलतआजोबा तुझ्या बापावर रुसलेत."

"ते लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्यावर कुणीच रुसत नसे."

तीन अक्षरं टाकली तर लग्न होईल, हे रू-इंगला दिसत होतं. आणि मग वर्षभर खिडकीत उजळणारा माणूस कोण असेल, हेही तिला दिसत होतं.

पहिल्या महिन्याच्या विसाव्या दिवशी हक्का माणसं काम करत नाहीत. त्या दिवशी आभाळाला भोक असतं. केलेलं सगळं त्यातून गळून जातं, सुईसुद्धा हातात घ्यायची नसते, आणि म्हणून सगळं जूदोंग डोंगरगाण्यांच्या स्पर्धेला जातं. रू-इंगची आई त्या वर्षी स्पर्धेत गाणार होती, म्हणजे चिन-मूंना तिथं जाणं भाग होतं. देऊळ रिकामं. रू-इंगनं मनोऱ्याचं मागचं दार उघडलं. शेजारी तली, हातात तळलेल्या गोड तांदळाच्या वड्यांची पुडी.

दार उघडल्याबरोबर गरम वाफ तोंडावर आली. आत हिरवी भिंत होती. पाकिटावर पाकीट, पाकिटाशेजारी पाकीट, अगदी गवंड्यानं रचावीत तशी, सांधे बदलून. पंख्याच्या जाळीवर दोन, हवा बाहेर जायच्या झरोक्यात तीन कोंबलेली. सगळी हिरवी. सगळ्यांच्या मुदती पुढच्या. चिन-मूंनी हार्डवेअरचं दुकान चालवण्यात उमर घालवली होती, आणि केलेल्या कामात आपली सफाई दाखवायला ते कधी चुकत नसत.

"ताकद आहे बाबांत," तली म्हणाला.

रू-इंगनं हात घालून चिपला बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं. मग ती देवाकडे पाठ करून फरशीवर बसली आणि चिपचं माहितीपत्रक उघडलं. ते तिनं पूर्वी वाचलं होतं. म्हणजे वाचलं होतं असं तिला वाटत होतं.

लिहिण्याच्या वेळांचं एक पान असतं. त्यावर कुणी प्रेम करत नाही. तिरप्या, उभ्या रेघा, नॅनोसेकंद, तळटिपा. त्या रिकाम्या देवळात तिनं ते पहिल्यांदा सावकाश वाचलं आणि तिला वाटलं, हे तर माणसानं माणसाशी कसं वागावं त्याचं पान आहे, फक्त कुणी तरी ते भलत्या पुस्तकात छापलंय.

आधी अक्षर दारात येऊन नीट उभं राहायला हवं. मग लिहिण्याची तार खाली ओढायची, आणि ठरलेल्या वेळेआधी सोडायची नाही. तार सोडली म्हणून अक्षरानं लगेच पळ काढायचा नाही. क्षणभर तिथंच राहायचं, पाहुण्यांची गाडी निघाल्यावर आपण फाटकात राहतो तसं. एवढं झालं की चिप दार लावून घेते. आत ती काय करते? काचेच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन पलीकडे ढकलते, गेले का बघते, नसतील गेले तर पुन्हा ढकलते. कुणी बघत नसताना, कुणी शाबासकी देत नसताना, बिनचूक होईपर्यंत. तेवढ्या वेळात बाहेरून काहीही सांगा, तिला ऐकू जात नाही. ती रागावत नाही, तक्रार करत नाही. नुसतं ऐकलेलं नसतं. दार बंद असताना ती एकाच प्रश्नाला उत्तर देते. तो प्रश्न म्हणजे: झालं का?

आणि आत किती वेळ लागतो, त्याचे दोन रकाने. एक 'सर्वसाधारण'. शेजारी, त्याच्या दुपटीहून मोठा आकडा, 'कमाल'.

रू-इंगनं पहिला घेतला होता. वर थोड्या वेळाची भर घातली होती आणि झालं का हे विचारलंच नव्हतं. टेबलावर, उघड्या हवेत, सर्वसाधारण दिवशी, सर्वसाधारण चिप तेवढ्यात काम उरकायची. तीन अक्षरांना तर काहीच अडचण नव्हती, त्यांचं एकदाच लिहायचं. पण बंद कपाटात, आशीर्वादांच्या भिंतीआड तापलेली चिप सावकाश झाली होती. तलीची पहिली चार अक्षरं ती मन लावून लिहीत होती, आणि पाचवं तिच्या बंद दारावर येऊन, टकटक करून, निघून जात होतं.

"सापडलं?" तलीनं वडा पुढे केला.

"हे बघ." तिनं 'कमाल'वर बोट ठेवलं. "हा आकडा कुणी लिहिला असेल? कुठल्या तरी माणसानं भट्टीत चिपा तापवल्या असतील, बर्फात गारठवल्या असतील, हजारो वेळा लिहून थकवल्या असतील. आणि त्यातली सगळ्यात मठ्ठ, सगळ्यात दमलेली जी असेल, तिच्यासमोर बसून राहिला असेल. चल बाई, तुझं होऊ दे. मग तिचा वेळ लिहून ठेवला. हुशार चिपचा नाही, तली. शेवटून पहिली जी आली तिचा."

"आणि म्हणाला, सगळ्यांनी हिच्यासाठी थांबायचं."

"सगळ्यांनी. तळटिपेत सही नाही, नाव नाही, काही नाही."

तलीनं ते पान बराच वेळ बघितलं. "आमच्या कचेरीत असा माणूस असता, तर मोजणीला आलेल्या म्हाताऱ्यांना चहा मिळाला असता."

पाकिटं काढून टाकली असती तर दिवा लगेच लागला असता. तिनं एक उचललंही. मग परत ठेवलं. उष्णता मोजली, तर ती पत्रकात दिलेल्या मर्यादेच्या आत होती, जेमतेम. म्हणजे चिपचं काही चुकत नव्हतं. तापल्यावर सावकाश होण्याचा तिचा हक्क छापील होता. थांबायचं होतं ते रू-इंगनं. तिनं लॅपटॉप जोडला आणि जिथं नुसता ठरावीक वेळ मोजला होता तिथं प्रश्न घातला. झालं का? नसेल झालं तर पुन्हा विचार. झालं म्हणेपर्यंत दुसरं काही बोलू नकोस.

"आज? काम?"

चिन-मू दारात उभे होते, हातात हिरवं पाकीट. बायकोचं गाणं संपल्यावर टाळ्या वाजवून ते थेट निघून आले होते.

"काम नाही बाबा. वाचतेय."

"बोटांनी?"

"जरासं लिहितेयसुद्धा."

"आभाळाला भोक आहे आज! आजचं सगळं गळून जातं!"

"मग चूक गळून जाऊ दे," ती म्हणाली. "बाबा, चूक माझी होती. देवाची नाही, तलीचीही नाही. मी चिपला पुरता वेळच देत नव्हते. ती कामात असताना मी पुढचं सांगत होते, आणि तिनं ते ऐकलंच नव्हतं."

चिन-मू खाली बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधूनमधून मान हलवत, कारण सावकाश वाळणारा रंग आणि घाईचं गिऱ्हाईक हा विषय त्यांच्या ओळखीचा होता. मग त्यांनी नेमकी दुखरी जागा पकडली.

"बरं. दिवा विझला तो तुझ्यामुळे. पण कौल? कौल काय चिपवर चालतो? तो दोनदा नाही आला."

रू-इंग मागे वळली. ती देवाकडे बघत राहिली. देव नेहमीसारखा मिशीत हसत होता. समोर त्या सकाळच्या उदबत्त्यांची राख अजून उबदार होती.

"बाबा, तुम्ही कौल कसा लावला होता?"

"कसा म्हणजे? विचारलं आणि टाकला."

"आणि मग?"

"उचलला आणि परत टाकला."

"नव्या वर्षाचा चौथा दिवस. तुमच्या मागे दारापर्यंत रांग. कुणाला नोकरी हवी, कुणाचा गुडघा दुखतोय, मासळीवाल्याला काटा लपवायचाय. चुलतआजोबा कुणाचं तरी काम करत होते, बाबा. आत, दार लावून. आणि तुम्ही बाहेरून धाड धाड धाड."

चिन-मूंनी कौलाच्या तुकड्यांकडे पाहिलं.

"मग ते नाही म्हणाले नाहीत?"

"त्यांना ऐकूच गेलं नसेल."

"पण हसले!"

"तुम्हालाच हसले असतील," तली म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जावयाचा आगाऊपणा आला होता. मग सावरून म्हणाला, "आमच्याकडेही वेळ लागतो, काका. माझ्या आजीच्या एका प्रार्थनेचं उत्तर अजून यायचंय. ती दर रविवारी विचारते, झालं का? तेवढंच. दुसरं काही मागत नाही."

चिन-मूंनी त्याच्याकडे पाहिलं. ओल बघतात तसं नाही, जरा वेगळं. "तुझी आजी आहे शहाणी," ते म्हणाले. मग हिरव्या भिंतीकडे हात केला. "आणि यांचं काय? यांचा काही उपयोग झाला का?"

तलीला खोकला आला. रू-इंगनं पोळलेलं बोट पाठीमागे लपवलं.

"झाला ना, बाबा. ही नसती तर चूक सापडलीच नसती."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. चिन-मूंचा चेहरा उजळला आणि त्यांनी हातातलं पाकीटही आत सारलं. ते गेल्यावर तलीनं खिशातली मोजपट्टी काढली, झरोक्यासमोर खडूनं एक रेघ आखली आणि सगळी पाकिटं त्या रेघेअलीकडे घेतली. हद्द कायम करण्याचा त्याला सरकारी अधिकार होता.

चुलतआजोबांच्या वाढदिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चुंग मावशींनी बोट कपड्याला पुसलं आणि नाव टाकलं. खिडकी उजळली. मनोऱ्याच्या पोटात, त्या उकाड्यात, चिप दार लावून बसली होती, चार अक्षरं भिंतीपलीकडे ढकलत, बघत, पुन्हा ढकलत. बाहेर रू-इंगचा प्रश्न तिच्या दाराशी उभा होता. झालं का? नाही. झालं का? नाही. झालं का? झालं. मग पाचवं अक्षर आत गेलं. हे सगळं पापणी लवायच्या आत झालं, पण रू-इंगला विचाराल तर तिनं आयुष्यात एवढी वाट कुणाची पाहिली नव्हती.

खिडकी विझली नाही.

"थांबा, टाळ्या नकोत," चिन-मू म्हणाले. "कौल राहिलाय." त्यांनी तुकडे उचलले, कपाळाला लावले, प्रश्न विचारला आणि उभे राहिले.

उभेच राहिले. उदबत्तीची राख वाकली. मागची रांग रस्त्यापर्यंत गेली. नैवेद्याची कोंबडी गार झाली. बाहेर बाहुल्यांच्या खेळवाल्यांनी ढोल खाली ठेवून जेवून घेतलं.

"बाबा, टाका ना आता," रू-इंग कानाशी लागली.

"झालं असेल का त्यांचं?"

"काय माहीत!"

"मग गप्प बस. मी काय सर्वसाधारण वेळ थांबू? माझी एकच मुलगी आहे."

"अध्यक्ष," मागून मासळीवाला ओरडला, "माझे मासे वास मारायला लागले!"

"तुझे घरूनच मारत आले!"

शेवटी त्यांनी डोळे मिटून तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. आता मात्र टाळ्या पडल्या. आता सुरुवातीचा तो परिच्छेद वाचायला हरकत नाही, थापेसकट. फक्त एक तिथं सांगायचं राहिलं होतं. थाप घालताना चिन-मू, "आत ये, तली हायुंग," असं म्हणाले होते. पाचही अक्षरं, टिंबासकट, सावकाश, एकही न गाळता.

त्या दिवशी संध्याकाळी समितीतर्फे देवाला लेखी अर्ज करायचा असतो. तो मोठ्यानं वाचायचा आणि जाळायचा, म्हणजे वर पोचतो. दर वर्षी त्यात पाऊस, पीक आणि रस्त्याचं डांबर असतं. या वर्षी अध्यक्षांनी तो स्वतः लिहिला आणि घसा साफ करून वाचला:

"मा. चुलतआजोबा यांचे सेवेशी. विषय: उत्तरास लागणाऱ्या वेळेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, कौलाचा प्रश्न विचारल्यानंतर आपणांस उत्तर देण्यास लागणारा कमाल वेळ आपल्या सही-शिक्क्यानिशी या देवस्थानास कळविण्यात यावा व तो दर्शनी भागात लावण्यास मंजुरी मिळावी. सर्वसाधारण वेळ कळवू नये, तो ग्राह्य धरला जाणार नाही. सदर वेळ सण, उकाडा व भाविकांची गर्दी गृहीत धरून, आपण अतिशय दमलेले असतानाचा असावा. तसेच आपण कामात असताना गाभाऱ्यावर तांबडा दिवा लावण्याची तजवीज आपल्या स्तरावरून व्हावी. वायरिंग कन्या व जावई विनामूल्य करून देतील. तरी याबाबतची कार्यवाही पुढील कौलापूर्वी पूर्ण करून तसा लेखी अहवाल समितीस पाठविण्यात यावा, ही विनंती."